लेखन साहाय्य केंद्र

लेखन साहाय्य केंद्र म्हणजे विद्यापीठातील किंवा महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना त्यांच्या शैक्षणिक लेखनाबाबत व्यक्तिशः मार्गदर्शन करणारा विभाग होय. निबंध, प्रकल्प अहवाल, लघुशोधप्रबंध, पीएच.डी.चा प्रबंध, संशोधनाचा आराखडा, शिष्यवृत्तीचा अर्ज अशा कोणत्याही लेखनाचा मसुदा घेऊन विद्यार्थी तेथे जातो आणि प्रशिक्षित सहायकासमोर बसून त्यावर चर्चा करतो. सहायक विद्यार्थ्याच्या जागी लिहीत नाही, गुण देत नाही आणि मसुदा ‘शुद्ध करून’ परतही करत नाही. या तीन नकारांमुळे हे केंद्र शिकवणी वर्गापासून, मुद्रितशोधनापासून आणि पैसे घेऊन प्रबंध लिहून देणाऱ्या व्यवसायापासून वेगळे ठरते.

अमेरिकेतील बहुसंख्य विद्यापीठांत असे केंद्र आढळते. भारतात ही व्यवस्था मोजक्या संस्थांपुरती मर्यादित आहे. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत या नावाचा स्वतंत्र विभाग सहसा नसतो. त्याचे काम विषयशिक्षक, संशोधन मार्गदर्शक, ग्रंथालय आणि वरच्या वर्गातील विद्यार्थी यांच्यात विखुरलेले असते.

संज्ञा

अशा केंद्रांना इंग्रजीत प्रारंभी ‘रायटिंग लॅब’ अथवा ‘रायटिंग क्लिनिक’ म्हणत. प्रयोगशाळा आणि दवाखाना या दोन्ही उपमांमागे एकच समजूत होती : चुकीचे लिहिणारा विद्यार्थी हा रुग्ण असून त्याच्यावर उपचार करावयाचे आहेत. १९७० नंतर ही समजूत मागे पडत गेली आणि ‘रायटिंग सेंटर’ हे नाव रूढ झाले.

मराठीत या संकल्पनेसाठी एकच सर्वमान्य शब्द स्थिर झालेला नाही. ‘मार्गदर्शक’ हा शब्द विद्यापीठीय व्यवहारात पीएच.डी.च्या मार्गदर्शकासाठी राखीव झाला आहे, तर ‘लेखनिक’ म्हणजे दृष्टिहीन अथवा अन्य दिव्यांग परीक्षार्थीने सांगितलेले उत्तर लिहून घेणारी व्यक्ती. त्यामुळे येथे ‘लेखन-सहायक’ हा शब्द वापरला आहे. केंद्राच्या नावातील ‘साहाय्य’ हा शब्दही अनेकदा ‘सहाय्य’ असा चुकीचा लिहिला जातो.

इतिहास

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात १९३४ साली कॅरी स्टॅन्ले यांच्या देखरेखीखाली लेखन प्रयोगशाळा सुरू झाली. त्या काळातील अशा प्रयोगशाळांकडे प्रामुख्याने ‘कच्च्या’ विद्यार्थ्यांना पाठविले जाई आणि भर व्याकरणाच्या सरावावर असे.

खरे परिवर्तन १९७० मध्ये न्यूयॉर्कमध्ये घडले. सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्कने त्या वर्षी मुक्त प्रवेशाचे धोरण स्वीकारले. शहरातील शालान्त शिक्षण पूर्ण केलेल्या प्रत्येकास विद्यापीठात जागा मिळू लागली आणि ज्यांच्या घरात यापूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते, असे हजारो विद्यार्थी वर्गात आले. त्यांचे लेखन प्राध्यापकांना अनाकलनीय वाटे. मीना शॉनेसी या अध्यापिकेने अशा विद्यार्थ्यांच्या प्रवेशपरीक्षेतील सुमारे ४,००० निबंधांचा अभ्यास केला आणि १९७७ मध्ये ‘एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या चुका बेशिस्तीतून होत नाहीत, त्यांना स्वतःचे तर्कशास्त्र असते व ते ओळखता आल्यास चूक दुरुस्त करणे शिकविता येते, असे त्यांनी दाखवून दिले. लेखन केंद्रांच्या कार्यपद्धतीवर या विचाराचा खोल परिणाम झाला.

त्याच विद्यापीठाच्या ब्रुकलिन महाविद्यालयात केनेथ ब्रफी यांनी विद्यार्थ्यांनाच सहायक म्हणून प्रशिक्षित करण्याचा प्रयोग केला. महाविद्यालयाने देऊ केलेल्या औपचारिक मदतीकडे विद्यार्थी पाठ फिरवीत होते, पण आपल्यासारख्याच विद्यार्थ्यापुढे बसून ते मोकळेपणाने बोलत, हे त्यांचे निरीक्षण होते. पर्ड्यू विद्यापीठात १९७६ मध्ये लेखन प्रयोगशाळा सुरू झाली आणि १९७७ मध्ये तेथील म्युरिअल हॅरिस यांनी या क्षेत्राला वाहिलेले वार्तापत्र सुरू केले. १९८४ मध्ये स्टीफन नॉर्थ यांनी ‘द आयडिया ऑफ अ रायटिंग सेंटर’ या निबंधात केंद्राचे उद्दिष्ट समोरचा लेख सुधारणे नसून लेख लिहिणारी व्यक्ती सुधारणे हे आहे, अशी मांडणी केली. हा निबंध या क्षेत्रातील सर्वाधिक उद्धृत झालेल्या लेखनांपैकी एक आहे. पर्ड्यू विद्यापीठाने १९९४ पासून आपले मार्गदर्शनपर साहित्य इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध केले. संदर्भ देण्याच्या पद्धती शोधणारे भारतीय संशोधक विद्यार्थीही त्याचा वापर करतात.

ब्रिटनमध्ये रॉयल लिटररी फंड या संस्थेने १९९९ पासून व्यावसायिक लेखकांना विद्यापीठांत नेमून विद्यार्थ्यांना एकास एक लेखन-साहाय्य देण्याची योजना चालविली आहे.

कार्यपद्धती

विद्यार्थी आधी वेळ ठरवून येतो. भेट साधारणतः अर्धा तास ते एक तास चालते. सहायक प्रथम काम कोणते, ते कोणासाठी आहे आणि केव्हा द्यावयाचे आहे हे विचारतो. शिक्षकाने दिलेला प्रश्न किंवा सूचनापत्र विद्यार्थ्याने सोबत आणणे अपेक्षित असते, कारण पुष्कळदा अडचण भाषेची नसून प्रश्नच नीट वाचलेला नसतो. ‘चर्चा करा’, ‘तुलना करा’ आणि ‘चिकित्सक परीक्षण करा’ या तीन सूचनांना एकच उत्तर लिहिणारे विद्यार्थी सर्वत्र आढळतात.

त्यानंतर मसुदा मोठ्याने वाचला जातो, शक्यतो विद्यार्थ्याकडूनच. डोळ्यांना न दिसणारे तुटलेले वाक्य कानाला लगेच खटकते. विद्यार्थी वाचता वाचता स्वतः थांबतो व दुरुस्ती करतो. ज्या ठिकाणी तो थांबत नाही, तेथे सहायक प्रश्न विचारतो. जेफ ब्रूक्स यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या ‘किमान हस्तक्षेपा’च्या पद्धतीत सहायकाने विद्यार्थ्याच्या समोर न बसता शेजारी बसावे, कागद विद्यार्थ्याच्या पुढे असावा आणि पेन्सिल त्याच्याच हातात राहावी, असे सुचविले आहे.

चर्चेचा क्रम मोठ्या गोष्टींकडून लहान गोष्टींकडे जातो : आधी प्रतिपाद्य, मग मुद्द्यांचा क्रम, मग परिच्छेद, मग वाक्य आणि शेवटी शुद्धलेखन. परिच्छेदच वगळावा लागणार असेल, तर त्यातील वेलांट्या सुधारण्यात भेटीचा वेळ घालविणे व्यर्थ असते. विद्यार्थ्यांची अपेक्षा बहुधा उलट असते. ‘फक्त व्याकरण तपासून द्या’ ही मागणी केंद्रांना नित्याची आहे.

भेटीत काय घडते, हे एका काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होईल. उजनी धरणामुळे भीमेच्या काठची गावठाणे पाण्याखाली गेली. इंदापूर तालुक्यातील पळसदेव येथील जुने मंदिर जलाशयाची पातळी खालावली की आजही उघडे पडते. या परिसरातील पदव्युत्तर वर्गाच्या विद्यार्थ्याने ‘उजनी धरणाचे परिणाम’ हा विषय घेतला व पहिले वाक्य ‘धरणामुळे परिसराचा विकास झाला व अनेक समस्याही निर्माण झाल्या’ असे लिहिले. हे वाक्य कोणत्याही धरणाला लागू पडते. सहायक ते खोडत नाही. परिसर म्हणजे कोणती गावे? विकास कोणाचा झाला, लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांचा की उठलेल्या कुटुंबांचा? समस्या कोणाला भेडसावल्या आणि हे कशावरून कळले? उत्तरे देताना विद्यार्थी सांगतो की, आजोबांच्या पिढीतील काही कुटुंबांना पर्यायी जमीन मिळाली, तर काही कुटुंबे जलाशयातील मासेमारीकडे वळली आणि त्यांपैकी काहींच्या मुलाखती त्याच्या वहीत आहेत. सहायक म्हणतो, हेच लिहा. नवे वाक्य असे होऊ शकते : ‘ज्या विस्थापित कुटुंबांना पर्यायी जमीन मिळाली आणि ज्यांना मिळाली नाही, त्यांच्या पुढील पिढीने निवडलेल्या व्यवसायांत कोणता फरक पडला, हे प्रस्तुत प्रबंधात मुलाखतींच्या आधारे तपासले आहे.’ यातील माहिती, शब्द आणि निर्णय विद्यार्थ्याचेच आहेत. सहायकाने केवळ पाच-सहा प्रश्न विचारले.

भेटीच्या शेवटी पुढील काम ठरते आणि काही केंद्रांत त्याची लेखी नोंद ठेवली जाते. ही नोंद विषयशिक्षकाला दाखवावी की नाही, याचा निर्णय बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्यावर सोपविलेला असतो. परीक्षक आणि सहायक वेगळे असल्यामुळेच विद्यार्थी आपले अज्ञान उघड करू शकतो.

अशी मदत घेणाऱ्याने मसुदा अपुरा असला तरी न्यावा, असे सांगितले जाते. कोरा कागद घेऊन गेल्यासही विषयाची आखणी करता येते. मात्र सादर करण्याच्या आदल्या दिवशी पूर्ण प्रबंध घेऊन गेल्यास फारसे काही साधत नाही. ‘हे बरोबर आहे का’ असे विचारण्यापेक्षा ‘दुसऱ्या प्रकरणाचा तिसऱ्याशी संबंध लागतो का’ असे नेमके विचारणाऱ्याला भेटीचा अधिक उपयोग होतो.

साहाय्य आणि वाङ्मयचौर्य

भारतात लेखन-साहाय्याचा प्रश्न वाङ्मयचौर्याच्या नियमांमुळे निकडीचा झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्रबंधातील मजकुराचे इतर लेखनाशी असलेले साम्य १० टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही. १० ते ४० टक्के साम्य आढळल्यास कमाल ६ महिन्यांच्या मुदतीत सुधारित प्रबंध द्यावा लागतो, ४० ते ६० टक्के असल्यास एक वर्ष सुधारित प्रबंध सादर करता येत नाही आणि ६० टक्क्यांहून अधिक असल्यास नोंदणीच रद्द होते. अवतरणचिन्हांत व श्रेयनिर्देशासह दिलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश तसेच सलग १४ शब्दांपर्यंतचे योगायोगाचे साम्य यांतून वगळले जाते. साम्यशोधनाची संगणक प्रणाली विद्यापीठांना पुरविण्यासाठी इन्फ्लिबनेट या केंद्राने २०१९ मध्ये ‘शोधशुद्धी’ हा उपक्रम सुरू केला.

या व्यवस्थेने टक्केवारी मोजता येते, लेखन शिकविता येत नाही. परिणामी अनेक विद्यार्थी मूळ उताऱ्यातील शब्द प्रतिशब्दांनी बदलून टक्केवारी खाली आणतात. त्यात विचार उसनाच राहतो आणि वाक्य मात्र बिघडते. लेखन केंद्रात याउलट पुस्तक मिटून, वाचलेले आपल्या शब्दांत आधी सांगावयास व नंतर लिहावयास लावतात आणि लेखकाचे नाव त्याच वाक्यात देण्याची सवय लावतात. विनियमांनीही संस्थांवर शैक्षणिक सचोटीविषयी प्रशिक्षण व जाणीवजागृतीची जबाबदारी टाकली आहे. तिची अंमलबजावणी मात्र पुष्कळदा एखाद्या व्याख्यानापुरती राहते.

सहायकाने किती मदत करावी, याची सीमा यातूनच ठरते. प्रश्न विचारणे, वाचक म्हणून आपल्याला काय कळले ते सांगणे, एखादा नियम समजावून त्याचे एक उदाहरण दाखविणे हे साहाय्य मानले जाते. परिच्छेद लिहून देणे, भाषांतर करून देणे, निष्कर्ष सुचविणे हे साहाय्य राहत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाल्यापासून हीच सीमा यंत्राच्या संदर्भात नव्याने आखावी लागत आहे, कारण मागितल्यास ते यंत्र संपूर्ण परिच्छेद लिहून देते.

भारतातील व्यवस्था

भारतात हरियाणातील सोनीपत येथील अशोका विद्यापीठाचे लेखन व संज्ञापन केंद्र सुपरिचित आहे. या विद्यापीठाची मुळे २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘यंग इंडिया फेलोशिप’मध्ये असून चिकित्सक लेखनाचे अध्यापन हा त्या पाठ्यक्रमाचा भाग होता. अशी केंद्रे प्रामुख्याने इंग्रजी माध्यमाच्या खासगी विद्यापीठांत वाढली. जेथे शुल्क अधिक आणि विद्यार्थिसंख्या कमी आहे, तेथे एकास एक भेट परवडते.

सार्वजनिक विद्यापीठांत या गरजेची दखल वेगळ्या मार्गांनी घेतली गेली. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग व अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी अनुदान आयोगाने चालविलेल्या उपचारात्मक अध्यापन योजनेच्या उद्दिष्टांत विद्यार्थ्यांची भाषिक क्षमता वाढविणे हेही होते. प्रत्यक्षात ही योजना जादा तासिकांच्या रूपाने राबविली गेली आणि ‘उपचारात्मक’ या शब्दाने जुन्या दवाखान्याच्या उपमेची आठवण करून दिली. पीएच.डी.च्या २०२२ च्या विनियमांत सर्व शाखांच्या संशोधक विद्यार्थ्यांना आपल्या विषयाशी निगडित अध्यापन, शिक्षणशास्त्र आणि लेखन यांचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे, तसेच त्यांच्यावर आठवड्याला ४ ते ६ तासांचे अध्यापन वा संशोधन साहाय्याचे काम सोपविता येते. याच तासांत कनिष्ठ विद्यार्थ्यांचे मसुदे पाहिले गेल्यास लेखन केंद्रासाठी वेगळे मनुष्यबळ लागणार नाही.

महाराष्ट्र

महाराष्ट्रात लेखन-साहाय्याशी सर्वाधिक जवळीक साधणारी सार्वजनिक व्यवस्था नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची आहे. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाने ठिकठिकाणच्या महाविद्यालयांत अभ्यासकेंद्रे उघडली आणि तेथे शिकविणाऱ्यास ‘प्राध्यापक’ न म्हणता ‘संमंत्रक’ म्हटले. स्वयंअध्ययनाची पुस्तके घरी वाचून आलेल्या विद्यार्थ्याच्या शंका सोडविणे हे संमंत्रकाचे काम. नोकरी किंवा शेती सांभाळून, लग्नानंतर अथवा शिक्षण तुटल्यावर पुन्हा शिकू लागलेल्यांसाठी ही रचना होती. मात्र संमंत्रण सत्रे गटाने होतात आणि त्यांचा रोख पाठ्यविषयावर असतो. विद्यार्थ्याच्या मसुद्यावर स्वतंत्र बैठक हा त्यांचा नियमित भाग नाही.

पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ मध्ये झाली आणि २०१४ मध्ये त्याचे नामकरण सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ असे झाले. पुणे, अहिल्यानगर व नाशिक या जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याच्याशी संलग्न आहेत. या विद्यापीठाची ‘कमवा व शिका’ योजना ग्रामीण विद्यार्थ्यांच्या परिचयाची आहे. तीत विद्यार्थी ग्रंथालय, कार्यालय, प्रयोगशाळा अशा ठिकाणी काम करून मानधन मिळवितात. अमेरिकेतील अनेक लेखन केंद्रे अशाच मानधनावर काम करणाऱ्या विद्यार्थी-सहायकांवर चालतात, पण महाराष्ट्रात या योजनेची आणि लेखन-साहाय्याची सांगड सहसा घातली गेलेली नाही.

या अभावाची जागा अनौपचारिक व्यवस्थांनी घेतली आहे. विद्यापीठांच्या आसपासची टंकलेखनाची दुकाने हे त्यांचे ठळक उदाहरण. वर्षानुवर्षे प्रबंध टंकित करणाऱ्या टंकलेखकाला प्रकरणांची मांडणी, संदर्भसूचीचा क्रम, प्रमाणपत्राचा नमुना हे सर्व तोंडपाठ असते आणि पुष्कळ विद्यार्थी या बाबी त्याच्याकडूनच शिकतात. याच परिसरात प्रबंध लिहून देणारेही भेटतात, हे या व्यवस्थेचे दुसरे अंग आहे.

इंदापूर व बारामती परिसर

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात या प्रश्नाला अंतराची जोड मिळते. लोणी देवकर हे इंदापूर तालुक्यातील, पुणे–सोलापूर महामार्गावरील गाव पुणे शहरापासून शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे. येथील विद्यार्थी पदवीसाठी इंदापूरच्या कला, विज्ञान व वाणिज्य महाविद्यालयात किंवा बारामतीला जाऊ शकतो. बारामतीत १९६२ मध्ये स्थापन झालेले तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय आणि १९७२ मध्ये स्थापन झालेल्या विद्या प्रतिष्ठान या संस्थेची महाविद्यालये आहेत. गणेशखिंड येथील विद्यापीठाच्या आवारात एखादी सोय असली, तरी अर्ध्या तासाच्या भेटीसाठी तेथे जाऊन येण्यात पूर्ण दिवस जातो. परतीची एसटी गाठावयाची असलेल्या विद्यार्थ्याला तास संपल्यावर महाविद्यालयात थांबणेही कठीण असते. त्यामुळे ग्रामीण भागात लेखन-साहाय्य तासिकांच्या वेळेत आणि महाविद्यालयाच्याच ग्रंथालयात मिळाले, तरच ते खऱ्या अर्थाने उपलब्ध होते.

पदवी स्तरावरील लेखनाची गरजही वाढली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रात २०२३-२४ पासून टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या अभ्यासक्रम रचनेत क्षेत्रीय प्रकल्प, समुदाय सहभाग, प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण आणि संशोधन प्रकल्प यांना श्रेयांक आहेत. पूर्वी वार्षिक परीक्षेतील उत्तरांपलीकडे काही न लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आता अहवाल लिहावा लागतो. लोणी देवकर येथे औद्योगिक वसाहत आहे. तेथील कारखान्यात प्रशिक्षण घेणाऱ्या वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला काय पाहिले, त्यातून काय शिकलो आणि पाठ्यपुस्तकातील कोणती संकल्पना येथे दिसली, हे सलग दहा-पंधरा पृष्ठांत मांडावयाचे असते. असे अहवाल अनेकदा कारखान्याच्या माहितीपत्रकातील मजकुराने भरतात. विद्यार्थ्याने पाहिलेले नसते असे नाही, पण पाहिलेले लिहिण्यायोग्य असते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

केंद्र नसलेल्या महाविद्यालयात विद्यार्थ्याला हीच मदत तुकड्या-तुकड्यांनी जुळवावी लागते. आशयासाठी विषयशिक्षक, संदर्भ देण्याच्या पद्धतीसाठी ग्रंथपाल, भाषेसाठी मराठी अथवा इंग्रजी विभागातील अध्यापक आणि सर्वांत आधी, वाचून दाखविण्यासाठी एखादा वर्गमित्र. दोघांनी आळीपाळीने एकमेकांचा मसुदा मोठ्याने वाचणे व जेथे कळले नाही तेथे फक्त खूण करणे, या पद्धतीला पैसा लागत नाही की खोलीही लागत नाही.

मराठी व इंग्रजी लेखनातील अडचणी

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याच्या इंग्रजी लेखनात काही चुका सातत्याने दिसतात आणि शॉनेसी यांनी म्हटल्याप्रमाणे त्यांना कारण असते. मराठीत इंग्रजीतील ‘अ’, ‘द’ यांसारखी उपपदे नाहीत. त्यामुळे ती गळतात किंवा नको तेथे येतात. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि ‘जाऊन’, ‘पाहून’, ‘विचारून’ अशा धातुसाधितांनी लांब साखळी सहज पेलली जाते. हीच साखळी इंग्रजीत उतरविली की वाक्य कोलमडते. सहायक अशा वेळी सर्व चुका लाल शाईने दाखवीत नाही. एकाच प्रकारच्या तीन चुका दाखवून चौथी विद्यार्थ्याला शोधावयास सांगतो.

मराठीतून लिहिणाऱ्याला साहाय्याची गरज नाही, हा गैरसमज आहे. एप्रिल २०२३ मध्ये अनुदान आयोगाने इंग्रजी माध्यमाच्या अभ्यासक्रमातही विद्यार्थ्यांना स्थानिक भाषेत उत्तरे लिहू द्यावीत, असे विद्यापीठांना सुचविले. परंतु घरी बोलली जाणारी मराठी आणि प्रबंधाची मराठी यांत अंतर असते. ‘व्हता’, ‘पानी’ अशी रूपे सहज येणाऱ्या विद्यार्थ्याला प्रमाणभाषा ही जवळजवळ दुसरी भाषा म्हणूनच शिकावी लागते. वर्गात तिची चेष्टा झालेली असेल, तर तो मोजकेच आणि घोटीव शब्द वापरून लिहितो.

प्रमाणलेखनाचे नियम मात्र मोजके आहेत. मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांपैकी १४ नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले व १९७२ मध्ये आणखी ४ जोडले गेले. यांतील एखादा नियम समजला तरी अनेक चुका एकदम थांबतात. शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ असतो, म्हणून ‘कवी’, ‘गुरू’, पण समासात ‘कविमन’, ‘गुरुदक्षिणा’. ‘गरीब’ आणि ‘फूल’ यांतील दीर्घ स्वर ‘गरिबांना’ आणि ‘फुलाला’ होताना ऱ्हस्व होतो. मो. रा. वाळंबे यांचे ‘सुगम मराठी व्याकरण व लेखन’, यास्मिन शेख यांची ‘मराठी लेखन मार्गदर्शिका’ व ‘मराठी शब्दलेखनकोश’ आणि अरुण फडके यांचे ‘शुद्धलेखन ठेवा खिशात’ ही या कामी रूढ असलेली पुस्तके आहेत.

मराठी प्रबंधांपुढे एक तांत्रिक अडचणही आहे. युनिकोड नसलेल्या जुन्या टंकांत टंकित केलेला मजकूर संगणकाला निरर्थक रोमन अक्षरांसारखा दिसतो. असा प्रबंध शोधता येत नाही आणि साम्यशोधन प्रणालीला त्यातील मजकूर नीट वाचताही येत नाही. त्यामुळे प्रारंभापासून युनिकोडमध्ये टंकन करण्याचा सल्ला दिला जातो.

टीका

लेखन केंद्रांच्या ‘पेन्सिल विद्यार्थ्याच्याच हाती’ या तत्त्वावर या क्षेत्रातूनच टीका झाली. लिंडा शमून आणि डेबोरा बर्न्स यांनी १९९५ मध्ये असे दाखविले की, संगीत किंवा चित्रकला शिकविताना गुरू स्वतः करून दाखवितो व शिष्य त्याचे अनुकरण करतो, यात गैर मानले जात नाही. मग लेखनातच ते निषिद्ध का? ज्या विद्यार्थ्याने चांगला प्रबंध कधी पाहिलेलाच नाही, त्याला केवळ प्रश्न विचारत राहणे म्हणजे नियम न सांगता खेळात उतरविणे होय. दुसऱ्या भाषेत लिहिणाऱ्यांबाबत हा आक्षेप अधिक गंभीर ठरतो. ‘हे वाक्य कसे वाटते’ या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नसते, कारण त्या भाषेचा कान तयार झालेला नसतो. त्यामुळे अनेक केंद्रांत आता अशा विद्यार्थ्यांना नियम थेट सांगितले जातात आणि नमुने दाखविले जातात.

दुसरी टीका प्रमाणभाषेसंबंधी आहे. अमेरिकेतील महाविद्यालयीन लेखन-अध्यापकांच्या परिषदेने १९७४ मध्ये विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या भाषारूपाच्या हक्काचा ठराव केला होता. नॅन्सी ग्रिम यांनी १९९९ मधील ‘गुड इन्टेन्शन्स’ या पुस्तकात लेखन केंद्रे विद्यार्थ्याला मदत करताना त्याला मुकाट्याने प्रचलित व्यवस्थेच्या साच्यात बसवितात, असे म्हटले. मराठीतही बोलींतील शब्द आणि रूपे केवळ ‘अशुद्ध’ म्हणून खोडावीत का, हा वाद जुना आहे. मुलाखतीवर आधारलेल्या प्रबंधात निवेदकाचे बोलणे त्याच्या बोलीतच द्यावे आणि विवेचन प्रमाणभाषेत करावे, ही तडजोड लोकसाहित्य व समाजशास्त्राच्या अभ्यासात बऱ्याच अंशी रूढ झाली आहे. उजनीच्या काठावरील वृद्ध स्त्रीची मुलाखत प्रमाण मराठीत ‘सुधारून’ दिल्यास पुरावाच बदलतो.

खर्चाचा आक्षेप व्यवहार्य स्वरूपाचा आहे. एका वेळी एकाच विद्यार्थ्याला मिळणारी मदत हजारो विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयाला पुरविता येत नाही. विद्यार्थी-सहायक, लहान गट आणि प्रथम वर्षाच्या एखाद्या विषयाशी जोडलेली सक्तीची एक भेट असे त्यावरचे उपाय वापरले जातात. सक्तीबाबत मतभेद आहेत : सक्तीमुळे लाजणारे विद्यार्थी एकदा तरी येतात, पण शिक्षा म्हणून पाठविलेला विद्यार्थी पुन्हा येत नाही.